भेटवहीतली आमची वस्ती

चाळीस वर्षं मी एकच तक्रार सांगत आलो. आमच्या वस्तीवर पोस्टमन यायचाच नाही, म्हणून माझी नोकरी हुकली. साखर कारखान्यात कारकुनाच्या जागेसाठी बोलावलं होतं. पत्र हातात पडलं ते मुलाखत होऊन आठ दिवसांनी. मग सोलापुरात खांद्यावर टॉवेल टाकून ते विकत दारोदार फिरलो आणि सात रस्त्याजवळ टॉवेल-चादरींचं स्वतःचं दुकान केलं. झालं ते चांगलंच झालं, पण पोस्टमनचा विषय निघाला की माझं डोकं फिरायचं. बायकोचे कान किटले होते. एकदा ती म्हणाली, "एवढं खरं असेल तर पुरावा आणा. नाहीतर आता पुरे."

पुरावा आणायचा कुठून? वस्तीच उरली नव्हती. विहीर आटली तशी घरं उठत गेली आणि अर्धी माणसं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांवर कामाला लागली. ग्रामपंचायतीत विचारलं, तर तिथल्या पोराला वाटलं मी जागेचा व्यवहार करायला आलोय. पोस्टात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, जुने कागद नियमानं नष्ट होतात. पण खेड्यातलं पोस्ट कुणाच्या तरी सोप्यातच चालायचं, तिथं बघा.

म्हणून मोडनिंबच्या अलीकडे आमच्या जुन्या गावी गेलो. पोस्टमन मामा अजून होते, ऐकायलाही चांगलं येत होतं. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. त्यांनी चहा मागवला आणि पत्र्याची पेटी उघडली. आत भेटवह्या होत्या. पोस्टमन वस्तीवर जाऊन आला याची खूण म्हणून तिथल्या कुणाची तरी सही या वहीत घ्यावी लागे.

त्यांच्या वाटेवर नऊ वस्त्या होत्या. चार तर मी साफ विसरलो होतो. एका वस्तीसाठी कायम कुणा म्हातारीचा अंगठा, एकीकडे शाळेच्या गुरुजींची वळणदार सही. आज त्या जागा विचारल्या तर एसटीचा कंडक्टरही सांगू शकणार नाही. मी भराभर पानं उलटली. आमच्या वस्तीचं पान कोरं असणार, याची मला खात्री होती.

ते भरलेलं होतं. मुलाखतीच्या त्या महिन्यातल्या चारही फेऱ्यांसमोर सही होती. माझी. चारही सह्या एकाच हिरव्या शाईत, एकाच बैठकीत केलेल्या. त्यातली एक तर बहिणीच्या लग्नाच्या दिवसाची, तेव्हा आम्ही सगळे बार्शीला होतो.

"ह्या कशा?" मी विचारलं.

"तुमचीच अट होती की, मालक. एका सहीला माझ्या सायकलवर तुमाला मोडनिंबपर्यंत एक फेरी. मी म्हटलं, चार एकदम देता का? तर म्हणालात, एकदम पाहिजेत तर पाच फेऱ्या." मामांनी बशीतला चहा फुंकला. "लई झगडलो. तुमी ऐकलं न्हाय."

"आणि पत्र?"

"थैलीत हुतं. पण चढ लई, आणि सह्या तर झाल्या हुत्या."

राग आला, पण काढायचा कुणावर ते कळेना. शेवटी मी वही मागितली. नव्या चादरींचा जोड देऊ केला. नको म्हणाले. गाडीतून वस्तीपर्यंत एक फेरी मारा, म्हणाले. मी गाडी काढली.

तिथं विहिरीचा कठडा होता आणि बाभळी. मामा काठी टेकत कठड्यापाशी गेले, वहीचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि पेन पुढं केलं. "आज आलो हुतो. करा सही."

मी आजची तारीख घातली आणि सही केली. एकच. मग वही काखेत मारली.

घरी बायकोनं विचारलं, मिळाला का पुरावा. मिळाला, म्हटलं, आणि पाटावर बसलो.