आधी बसा, मग ब्राह्मी

रविवारच्या बाजारात करमाडहून एक मावशी ब्राह्मी घेऊन येतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. विहिरीकाठच्या ओलीत वाढलेल्या पाल्याच्या जुड्या त्या भिजल्या गोणपाटात गुंडाळून आणतात, पण उभ्याउभ्या मागणाऱ्याला देत नाहीत. आधी शेजारी बसायचं, एक पान चावायचं. "बस की माय, पाला कुठं पळून चालला?" असं म्हणत त्या गिऱ्हाइकाचं तोंड निरखत राहतात.

लेकीची दहावीची परीक्षा आठवड्यावर आली, तेव्हा मी तिला घेऊन गेले. "हिच्या लक्षात राहील असं द्या, लवकर," मी म्हटलं.

मावशींनी लेकीला विचारलं, "झोप लागती का?"

"लागते."

"जेवती का?"

"दोनदा!" लेक हसली.

मग माझा हात ओढून त्यांनी मलाच खाली बसवलं. "अन् तुला लागती का झोप?"

मी घाईघाईनं पैसे काढायला लागले. मावशींनी पान माझ्या हातावर ठेवलं. "परीक्षा हिची, अन् धडधड तुझी व्हय? खा."

पान कडूजार होतं. माझं वाकडं तोंड बघून लेक खिदळायला लागली, तशा मावशी खूश झाल्या.

"आता हिला पेपर सोपा जाईल बघ."