तुमचा माइक सुरू आहे

कवळ्या बनवणाऱ्या बाईला खेळात ‘कवळी’ हे नाव दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं, तिनं स्वतःच घेतलं होतं. लेकीनं कॉम्प्युटरवर खेळ चढवून दिला आणि पडद्यावर चौकट उघडली: नाव लिहा. लेकीनं सुचवलेली नावं सगळी वाघांची, वादळांची आणि विजांची. आईचं वय तेव्हा सत्तेचाळीस, गुडघे कुरकुरणारे, चष्मा घडोघडी नाकावर घसरणारा. वीज म्हणवून घ्यायची तिला लाज वाटली, म्हणून तिनं आपला धंदाच लिहून टाकला. समोरच्या संघातले पोरसवदा वीर ते नाव वाचून खो खो हसायचे. जिन्याखाली दबा धरून बसलेल्या कवळीनं दोघा-तिघांना टिपलं की मग त्यांचं हसू जरा आवरायचं.

सव्वीस वर्षं ती एकाच डेंटल लॅबमध्ये काम करत होती. एक लांब टेबल, तीन स्टुलं, खिडकीशी नळ आणि सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी भुकटी. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची. मापात प्लॅस्टर ओतून साचा करायचा, साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा. ज्यांची तोंडंही कधी पाहिली नाहीत अशा शेकडो लोकांच्या तोंडात तिच्या हातची वस्तू होती. साचा हातून पडून टवका उडाला तर ती तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावायची, “चूक माझी आहे, माप पुन्हा घ्या.” डॉक्टर वैतागायचे. शेजारची सहकारीण म्हणायची, “थोडं घासून बसवलं असतंस तर कुणाला कळलं असतं?”

“चावणाऱ्याला कळलं असतं,” ती म्हणायची आणि पुढचं माप उचलायची.

असा हा तिचा स्वभाव. त्याचं कौतुक करायला हरकत नाही, पण त्याच तोंडाची ती फटकळही होती, हेही सांगितलं पाहिजे. वडील गेले त्या दिवशी तिचा धाकटा भाऊ पोचला, तोवर सगळं आटोपलं होतं. घर माणसांनी भरलेलं. तो खांद्यावर पिशवी घेऊन दारात उभा राहिला, आणि ही आतून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आता कशाला आलास?” तो आत आला, कोपऱ्यात बसला, संध्याकाळी निघून गेला. त्यानंतर दोन वर्षं त्याचा फोन नाही. हिनं केलेले फोन वाजून वाजून थांबायचे. मग हिलाही ताठा चढला आणि हिनंही फोन करणं सोडलं.

भाऊ दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दोन वर्षांनी त्याचा एका ओळीचा मेसेज आला: “पाचवा गडी हवाय. रविवारी चारला. खेळतेस?” हे सगळं लेकीचं कारस्थान होतं, ती मामाशी बोलत असे, हे मागाहून कळलं. कवळीला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं एका मिनिटात उत्तर पाठवलं, “हो.”

खेळ सोपा आहे, निदान सांगायला. पाच जण एक गोदाम राखतात, पाच जण त्यात घुसायचं बघतात, मग बाजू बदलतात. डोक्याला हेडफोन, तोंडाशी माइक. आपल्या पाच जणांचं बोलणं आपल्यालाच ऐकू येतं, समोरच्यांना नाही. शिवाय एक सगळ्यांसाठीचं चॅनल असतं. ते असतं सुरुवातीला नमस्कार करायला आणि शेवटी ‘छान खेळलात’ म्हणायला. बरेचसे लोक मात्र ते एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायलाच वापरतात.

भाऊ कॅप्टन होता. बाकी तिघं म्हणजे एक बेकरीवाला, एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर आणि भूमिती शिकवणारी एक मास्तरीण. दर रविवारी चार ते सहा. “मागे ये कवळी.” “जिना बघ.” “बरं मारलंस.” चार वर्षं भाऊ तिच्याशी एवढंच बोलत आला होता, आणि एवढ्यावरून ती काय काय ओळखायची. त्याला सर्दी झालेली कळायची. नवा पंखा घेतलाय आणि तो करकरतोय, हे कळायचं. एकदा धीर करून तिनं तब्येतीचं विचारलं, तर म्हणाला, “खेळाकडे लक्ष दे.” तिनं लक्ष दिलं. तिला भावाचा आवाज मिळत होता, आणि त्यासाठी ती सगळं गोदाम एकटीनं राखायला तयार होती. नवरा म्हणायचा, “बाहेर कुणाला सांगू नकोस, आमची मंडळी रविवारी गोळीबाराला जातात म्हणून.”

तीन वर्षं हा संघ तिसऱ्या गटात रुतून बसला होता. दर वेळी दुसऱ्या गटाच्या उंबऱ्यापर्यंत जायचा आणि शेवटच्या सामन्यात आपटायचा. चौथ्या वर्षी पुन्हा शेवटचा सामना आला. भावानं महिनाभर आधी गोदामाचे नकाशे काढून सगळ्यांना पाठवले, आणि आदल्या रविवारी जाता जाता म्हणाला, “या वेळी नाही जमलं तर मी सोडतोय. बास झालं.” बेकरीवाला म्हणाला की तो दर वर्षी असंच म्हणतो. कवळीला त्याचा आवाज ओळखीचा होता. तो सोडणार म्हणजे रविवार जाणार, आणि रविवार गेला की तिच्याकडे भावाचं काहीच उरणार नव्हतं.

समोरचा संघ नवा होता, कॉलेजातल्या मुलींचा असावा. जो आधी पाच डाव घेईल तो जिंकणार. मुली चपळ होत्या, पण आमच्या मंडळींनीही महिनाभर घाम गाळला होता. दोन-दोन अशी बरोबरी झाली. पाचवा डाव सुरू होणार एवढ्यात हेडफोनमध्ये एक अनोळखी आवाज स्वच्छ ऐकू आला.

“सगळ्या मागच्या जिन्यानं जा. पुढे मी एकटी आवाज करते.”

“हे कोण बोलतंय?” ड्रायव्हरनं विचारलं.

“त्यांची कॅप्टन,” भाऊ म्हणाला. “तिचा माइक सगळ्यांच्या चॅनलवर राहिलाय. त्यांना ताकास तूर लागू देऊ नका. मागच्या जिन्यावर चला.”

पाची जण मागच्या जिन्यावर गेले आणि मुली एकेक करून त्यांच्या समोर आल्या. तीन-दोन. पुढच्या डावात ती म्हणाली, “छपरावरून.” हे छपरावर हजर. चार-दोन. आता एकच डाव हवा होता. मधल्या दोन-तीन मिनिटांच्या सुट्टीत पुन्हा तोच आवाज आला, या वेळी रडवेला.

“आपण कुठे जातो ते त्यांना कळतंच कसं? माझंच काहीतरी चुकतंय. सॉरी गं, माझ्यामुळे हरतोय आपण.”

कवळीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तिला सांगू या का?” ती म्हणाली.

“काय सांगायचंय?” भाऊ म्हणाला.

“माइकचं.”

“आपण चोरून ऐकतोय का? तीच ऐकवतेय. कान बंद करा असं नियमात कुठे लिहिलंय?”

“नियमात नाही.”

“मग झालं तर. एक डाव राहिलाय. कॅप्टन मी आहे. गप्प बस.”

बेकरीवाला आणि ड्रायव्हर मूग गिळून बसले. मास्तरीण नुसती खाकरली. हातातोंडाशी आलेला घास होता, आणि तो कुणाचा होता हे कवळीला पक्कं माहीत होतं. बोलायचं नाही असंही तिनं क्षणभर ठरवलं. भावापुढे त्या मुलीची काय मातब्बरी, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण ती पोरगी माफी मागत होती, नसलेल्या चुकीची, आणि ते तिला ऐकवेना. तिनं त्या मुलीला एकटीलाच संदेश लिहिला, म्हणजे तिच्या मैत्रिणींना काही कळायला नको. दोन बोटांनी लिहिताना वेळ लागला.

“मी तिला कळवलंय,” लिहून झाल्यावर ती म्हणाली.

हेडफोनमध्ये पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती.

“काय लिहिलंस?” भावानं विचारलं.

तिनं वाचून दाखवलं: “कॅप्टन, तुमचा माइक सगळ्यांच्या चॅनलवर सुरू आहे. दोन डाव आम्हाला सगळं ऐकू आलं. तुमचे बेत चांगलेच होते, तुमचं काही चुकलेलं नाही. माइक बंद करा आणि खेळा.”

मुली पुढचे तिन्ही डाव जिंकल्या. शेवटच्या डावात तर कवळी आपली जागा सोडून भलतीकडेच आली आणि सगळ्यात आधी बाद झाली. पाच-चार. कॅप्टन मुलीनं सगळ्यांसाठी लिहिलं, “तुमच्यासारखे लोक पहिल्यांदाच भेटले. मनापासून आभार.” ते वाचायला भाऊ थांबला नव्हता.

पुढच्या रविवारी चारला चौघंच जमले. त्याच्या पुढच्या रविवारीही चौघंच. कुणी कवळीला बोल लावला नाही. मास्तरीण म्हणाली, “मीसुद्धा सांगितलंच असतं तिला.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “खोटं कशाला बोलू, नसतं सांगितलं.” कवळीनं भावाला तीन वेळा मेसेज लिहिला आणि तिन्ही वेळा पुसला. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून ती एकदा चांगली रडली. नवऱ्यानं विचारलं, “पुन्हा तसं झालं तर काय करशील?” ती म्हणाली, “तेच करीन, म्हणून तर रडतेय.”

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला लॅबमध्ये तिनं रबरी वाटीत नुकतंच प्लॅस्टर कालवलं होतं, आणि फोन वाजला. पडद्यावर भावाचं नाव. कालवलेलं प्लॅस्टर पाच-सात मिनिटं वाट बघतं, त्यात ते ओतावंच लागतं. सव्वीस वर्षांत तिनं एक वाटी वाया घालवली नव्हती. तिनं फोन उचलला.

“चार-दोन होतो आपण,” भाऊ म्हणाला. हॅलो नाही, काही नाही. “चार-दोन.”

“हो रे.”

मग त्यानं तिला झाडायला सुरुवात केली. महिनाभर काढलेले नकाशे, बेकरीवाल्यानं दुकान लवकर बंद करून केलेला सराव, तीन वर्षांची मेहनत, सगळं त्यानं तिच्या पदरात घातलं. डावामागून डाव उगाळला. मध्येच कामावरच्या कुणाला तरी “थांब रे” म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला. सहकारिणीनं वाटीकडे बोट दाखवलं, कवळीनं मान हलवून राहू दे म्हटलं. सहा वर्षांत भाऊ तिच्याशी सलग एवढं बोलला नव्हता. रागावून का होईना, बोलत होता, आणि ती जिवाचा कान करून ऐकत होती.

“लहानपणी मी पत्ते असे धरायचो की सगळ्यांना दिसायचे,” तो म्हणाला. “सगळे गुपचूप बघून घ्यायचे. तू हळूच कानात सांगायचीस, छातीशी धर. ते समजू शकतो मी. मी तुझा भाऊ होतो. ही पोरगी तुझी कोण?”

“कुणी नाही.”

“कुणी नाही, आणि तिला एकटीला कळवलंस. चारचौघींत तिची फजिती नको म्हणून. वर तुमचं काही चुकलेलं नाही म्हणालीस. काय छान लिहिलंस गं. पंधरा दिवस तेच डोक्यात घेऊन फिरतोय मी.” त्याचा आवाज खाली आला. “आणि मला तू दारात विचारलंस, ताई. सगळ्यांसमोर. मी उशिरा आलो हे मला कळत नव्हतं का?”

तिच्याकडे उत्तरं होती. तीन रात्री ती वडिलांच्या उशाशी बसून होती. तिला तेव्हा कशाची शुद्ध नव्हती. ही सगळी उत्तरं तिनं सहा वर्षं जपून ठेवली होती, आणि त्यातलं एकही तिला आता काढावंसं वाटलं नाही.

“कळत होतं,” ती म्हणाली. “माझं चुकलं. तुला आधी आत घ्यायला हवं होतं. सहा वर्षं मला हे माहीत आहे आणि सहा वर्षं मी तोंड उघडलं नाही.”

पलीकडून कुठल्याशा लिफ्टचं दार उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला. सहकारिणीनं प्लॅस्टरची वाटी उचलली. चमचा आत रुतला होता आणि प्लॅस्टरचा दगड झाला होता.

मग भाऊ म्हणाला, “शेवटच्या डावात तू जिना सोडून पुढे का आलीस?”

“काही दिसत नव्हतं रे मला. हरलो की तू जाणार, एवढंच डोक्यात होतं.”

“म्हणजे तिला लिहिलंस तेव्हा तुला हे माहीत होतं? मी सोडून जाणार ते?”

“माहीत होतं.”

ती स्टुलावर बसली, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि आता हा ठेवणार म्हणून वाट बघत राहिली. त्यानं नाक ओढलं, घसा साफ केला, आणि विचारलं, “गुडघे कसे आहेत तुझे?”