भिंतीवरची वाकय

अध्यापिका विद्यालयात आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी एकदा वर्गात एक चित्र आणलं. कुठल्याशा परदेशी मासिकातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. त्यात ना डोंगर, ना बाई, ना देव. नुसते रंगांचे चौकोन, एकमेकांना खेटून बसलेले, जरा वाकडेतिकडे.

"सर, हे कशाचं चित्र?" एकीनं विचारलं.

"कशाचंच नाही," मास्तर म्हणाले. "रंग बघा. घाई करू नका."

मुली हसल्या. मी बघत राहिले. पिवळ्याच्या अंगाला लागून एक काळा तुकडा होता आणि त्याच्यामुळंच पिवळा पेटल्यासारखा दिसत होता. हे मी कुठंतरी पाहिलेलं आहे असं वाटत होतं. कुठं, ते आठवेना.

ही गोष्ट यवतमाळची, साठ सालानंतरची. मास्तरांच्या पिशवीतून दर आठवड्याला काहीतरी निघायचं. कापडाच्या ठाणांवर गिरण्या चिकटवत त्या जुन्या रंगीत चिठ्ठ्या, काडेपेटीवरचे वाघ, मग एकदम आजच्या एखाद्या चित्रकाराचं चित्र. जुनं आणि नवं ते शेजारी ठेवायचे आणि गप्प बसायचे. मला त्याचं वेडच लागलं. बाजारातून जाताना मी दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बघू लागले, कापसाच्या गाठींवर मारलेले काळे शिक्के बघू लागले. आजवर हे सगळं डोळ्यांसमोरच होतं, फक्त ते बघण्याजोगं आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी उमरखेडची. छप्पननंतर आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होते. त्याआधी माय एका वकिलांच्या घरी अंगण झाडायला आणि शेण काढायला जायची, आणि त्यांच्याकडचे उतरलेले कपडे आणायची. दीक्षेनंतर तिनं ते काम सोडलं. दुसऱ्याचं उतरलेलं घरात आणायचं नाही, असं वस्तीनंच ठरवलं. चिंध्याच येईनात, तेव्हा मायचं वाकय शिवणंही थांबलं. शेवटची शिवलेली वाकय मी वसतिगृहात आणली होती. तिथं सगळ्या तिला गोधडी म्हणायच्या. मीही गोधडीच म्हणू लागले, आणि ती घडी घालून ट्रंकेमागं ठेवू लागले. त्याच वकिलांची मुलगी माझ्याच वर्गात होती. आम्ही एकाच एस.टी.नं यायचो, पण ती पुढं बसायची, मी मागं.

मास्तरांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं, जुन्या-नव्या कलेचं. त्या दिवसांत माझी वाकय कुंपणाच्या भिंतीवर वाळत होती. मास्तर रस्त्यानं जाताना थांबले.

"ही कुणाची?"

दुसऱ्याच मुलीनं माझ्याकडं बोट दाखवलं.

मास्तरांनी ती सभागृहात टांगली, त्या परदेशी चित्राच्या शेजारी. तेव्हा मला कळलं, ते पिवळं-काळं मी कुठं पाहिलं होतं. "या फिकट हिरव्या तुकड्यावर सगळा तोल आहे," ते म्हणाले. छातीत काहीतरी फुललं, आणि लगेच भीती वाटली. सगळं गाव येऊन माझं अंथरूण बघणार होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी छातीला कागदाचा बिल्ला लावून मी भिंतीशी उभी होते. वकिलीणबाई उमरखेडहून लेकीला भेटायला आल्या होत्या. लेकीबरोबर वाकयीसमोर येताच त्या आनंदानं ओरडल्या.

"अगं, हे तर तुझं परकर-पोलकं! आणि ही माझी दिवाळीची साडी! हे ह्यांच्या कोटाचं अस्तर बघ!"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या खरंच हरखल्या होत्या. त्यामुळं लोक जमले आणि तेही हसले. माझे कान इतके तापले की समोरचं दिसेना. मी त्या कपड्यांखाली झोपत होते, हे आता सगळ्या यवतमाळला कळलं होतं.

तेवढ्यात दारात माय दिसली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. मास्तरांनी मला न सांगता घरी कार्ड टाकलं होतं.

"तूच का गं!" वकिलीणबाई म्हणाल्या. "ये, ये. हा हिरवा कुणाचा? हा मला ओळखू येत नाही."

माय घुटमळली. "राहू द्या ना बाई."

"सांग की."

"थोरल्या दादाचा हाय. सदरा व्हता त्याचा."

वकिलांचा थोरला मुलगा तापानं गेला होता, त्यांची लेक आणि मी लहान असताना. वकिलीणबाईंचं हसू तिथंच विझलं. त्यांनी हात पुढं केला आणि तुकड्यावर ठेवला.

"मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांनी त्याच्या कपड्यांचं गाठोडंच बांधून देऊन टाकलं. माझ्याकडं काही ठेवलं नाही."

माय मास्तरांकडं वळली. "खाली घ्या जी ते."

"अहो बाई, तुम्ही..." मास्तर कळवळून म्हणाले. "तो काढला तर सगळं बिघडेल."

"त्याईचं हाय, त्याईले देते. आता आमी कोनाचं घेत नाही, मंग ठेवू कायले?"

वाकय खाली आली. माय त्या सभागृहाच्या मधोमध फरशीवर बसली, पाय पसरून, आणि दातांनी टाके तोडू लागली. तिच्या टाचांच्या भेगा सगळ्यांना दिसत होत्या. दोरा तुटल्याचा बारीक आवाज ऐकू येत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "हे काय करून राह्यली ते?"

"ये वो, धर इकडून," मायनं मला हाक मारली.

मी जाऊन बसले. बिल्ला लावलेला, लोक डोक्याशी उभे, आणि मी वाकयीचं टोक ताणून धरलेलं. वर बघायची हिंमत झाली नाही.

तुकडा मोकळा झाला. वकिलीणबाईंनी तो चेहऱ्याशी नेला. "तुला काय देऊ मी?" त्यांनी विचारलं. मायनं मान हलवून नको म्हटलं. त्या निघून गेल्या, लेक त्यांच्यामागं.

मास्तरांनी वाकय पुन्हा टांगली. भोकातून भिंतीचा चुना दिसत होता. संध्याकाळपर्यंत मी येणाऱ्यांना सांगत राहिले, "उसवलीय." एक गृहस्थ म्हणाले, उंदरांनी कुरतडली असेल.

मधे वेळ काढून मी मायला स्टँडवर सोडायला गेले. "काहून आली तू?" मी चिडून विचारलं.

"मास्तरानं बलावलं म्हनून आली. वाटलं, तुले बरं वाटन." मग ती बारीक आवाजात म्हणाली, "मले बी लाज वाटून राह्यली व्हती. एवढे लोकं. पन त्या बाईनं तो तुकडा कसा तोंडाशी नेला, पाह्यलं ना?" बस लागली तेव्हा तिनं विचारलं, "ते बाजूचं चित्र कोनाचं व्हतं?"

"परदेशातल्या मानसाचं."

"त्याच्यापाशीबी चिंध्याच व्हत्या वाटते."

तिला हसू आलं, मला आलं नाही.

सुट्टीत मायनं भोकाला नवाकोरा पांढरा कपडा लावला, दुकानातून विकत आणून. तो तिथं अजिबात शोभत नव्हता. मास्तरांनी बघितला तर काय म्हणतील, याचीही मला लाज वाटली. पण मायला ते सांगता आलं नाही. पुढं मी चित्रकलाच शिकवली, गावोगावच्या शाळांतून, निवृत्त होईपर्यंत. वकिलांच्या मुलीनं त्या दिवसाबद्दल कधी काही विचारलं नाही. फक्त परतीच्या एका प्रवासात ती मागं येऊन माझ्याशेजारी बसली. उमरखेड येईपर्यंत आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत होतो.