अक्काच्या डोक्यातलं सगळं

यंत्रावर चिडून काय करायचं? ते आपलं सांगितलेलं करतं. माझा राग आमच्या साहेबावर आहे, आणि त्याच्याहून जास्त स्वतःवर.

चेन्नईतल्या आमच्या कंपनीत अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे कागद येतात. डॉक्टरने लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा. तो चुकला तर तिकडची विमा कंपनी बिल परत पाठवते. सोलापूरहून येऊन मी या कामात टीमलीडर झाले, पण टीममधली खरी जाणकार होती अक्का. तंजावरकडच्या मराठी घरातली, वीस वर्षं हेच काम करणारी. तमिळ हेल काढत ती जुन्या वळणाचं मराठी बोलायची, आणि ऑफिसात ते समजणारी मी एकटीच. नवऱ्याचं जॉर्ज टाउनमधलं दुकान बंद पडलेलं, मुलीचं तांबरमला कॉलेज चाललेलं. घर अक्काच्या नोकरीवर उभं होतं.

मागच्या वर्षी वरून फर्मान आलं. नुसता कोड द्यायचा नाही, तो का दिला याचं कारणही बाजूच्या चौकटीत लिहायचं. अक्का दर फाइलला एकच शब्द लिहायची, 'अनुभव'. साहेब मला म्हणाला, "तुझ्याशी ती मोकळं बोलते. तिच्या डोक्यातलं सगळं लिहून काढ. एवढं ज्ञान जपायला नको?"

डोंबलाचं जपणं. पण तेव्हा मला ते पटलं होतं. रोज जेवण झालं की कँटीनमध्ये मी विचारायचे आणि अक्का सांगत सुटायची. घराबाहेर कुणीतरी मराठीत विचारतंय, याचाच तिला कोण आनंद. "हा डॉक्टर मधुमेह 'पूर्वी होता' असं लिहितो. पण खाली बघ, इन्सुलिन चाललंय नव्हे? मग आजार गेला कसा?" मी ते इंग्रजीत उतरवायचे आणि संध्याकाळी चौकटीत भरायचे. कुठला डॉक्टर घाईत काय गाळतो, कुठली ओळ आधी वाचायची, सगळं. माझं लिखाण व्यवस्थित असतं म्हणून वरून कौतुकाचा मेल आला. मी तो आईला वाचून दाखवला.

दुसऱ्या महिन्यात साहेबाने दार लावून सांगितलं की हे सगळं यंत्राला शिकवताहेत, आणि मग यंत्राचं काम तपासायला दोघंतिघंच लागतील. "त्यात तू आहेस," असंही म्हणाला. मी विचारलं नाही की अक्का आहे का. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुन्हा तिच्यासमोर वही उघडून बसले. भीती वाटत होती हे खरं, पण माझी लाज त्याने झाकली जात नाही. आणखी महिनाभर मी तिला विचारत राहिले.

मग एका सोमवारी सकाळी एचआरवाल्यांनी तिला आत बोलावलं आणि दहा मिनिटांत मोकळं केलं. गरज सरो, वैद्य मरो. वीस वर्षं एकही फाइल शिळी न ठेवणाऱ्या बाईला ओळखपत्र टेबलावर ठेवून जायला सांगितलं, आणि साहेब त्या वेळी कॉफी प्यायला खाली गेला होता.

अक्का पिशवी भरून माझ्याकडे आली. "तुला ठाऊक होतं का ग?"

"नाही," मी म्हणाले.

तिने लगेच विश्वास ठेवला. उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

त्या रविवारी ती आमच्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटवर आली. दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज करायचा होता. म्हणाली, "मला काय काय येतं ते तुझ्याइतकं कोण सांगेल? तूच लिही." मी लॅपटॉप उघडला. तिला एक प्रश्न विचारावा लागला नाही. दोन पानं भरली, तिने वाचली, खूश झाली.

आठ ठिकाणी पाठवला तो अर्ज. दोन ठिकाणांहून उत्तर आलं, की हे काम आता आमच्याकडे यंत्र करतं. बाकीच्यांनी तेवढंही कळवलं नाही. परवा तिचा फोन आला होता: अर्जात काही राहून गेलंय का, एकदा बघशील?