शेजारणीचा दाखला
सुकेळी करायला सोललेली पिकली केळी उन्हात वाळायला घातली की त्यांचा गोड, जड वास अंगणभर पसरतो आणि मला गिरीज गावातल्या आमच्या घरी आलेला हवालदार आठवतो. शेजारची मैत्रीण ऑस्ट्रेलियात शिकून पास झाली होती. आता तिथेच नोकरीसाठी राहायचं, तर व्हिसाला इथल्या पोलिसांचा दाखला हवा होता. कॉलेजात गुण मला जास्त. पण तिच्या वडिलांनी वाडीचा तुकडा विकून तिला धाडली, माझ्या वडिलांनी नवी विहीर खणली. चौकशीत शेजाऱ्यांची सही लागे, म्हणून हवालदार आमच्या ओट्यावर येऊन बसला. "मुलगी कशी आहे? काही भानगड वगैरे?" त्याने मलाच विचारलं. कुंपणापलीकडे तिची आई कान देऊन उभी होती. सांगण्यासारखं खरोखरच काही नव्हतं आणि त्याचाच मला राग आला. "चांगली आहे," मी म्हटलं. "नुसती चांगली?" माझी आई मध्येच बोलली, "सोनं आहे सोनं! अशी पोर शोधून मिळायची नाही." माझ्याबद्दल ती असं कधी बोलली नव्हती. हवालदाराने पुढ्यात ठेवलेलं सुकेळं तोंडात टाकलं. "आणि या ताई? यांचाही दाखला काढायचाय का?" आई हसली. "हिला कशाला दाखला? ही कुठं चाललीय!" सगळे हसले. मीही हसले आणि सही केली. मैत्रीण आता तिथलीच झाली. नाताळच्या सुट्टीत येते, हक्काने सुकेळी मागते. देते मी, पण चांगली पुडी आधी कपाटात ठेवून.