गारा कुठवर पडल्या

मी बुलढाण्याच्या शाळेत भूगोल शिकवते. माहेर जवळच, देऊळघाटला. मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी मोबाईलवर अंदाज आला: दोन दिवस वादळी वारा, काही ठिकाणी गारा. नकाशात अख्खा जिल्हा पिवळा. ‘काही ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुठे, हे कोडं मला फार वर्षांचं.

बाबांचा सोंगलेला, म्हणजे कापलेला, हरभरा शेतातच पडून होता. मी फोन करून ढीग झाकायला सांगितला.

“काऊन बाई? ऊन तं पाह्य कसं पडून राह्यलं!” बाबा म्हणाले.

सकाळची शाळा सुटली तशी मी थेट शेतात गेले. ढिगावर ताडपत्री टाकून दोघांनी कडेने दगड ठेवले. साडेतीनच्या सुमाराला वारा एकदम पडला. नाल्यापलीकडे आभाळ काळंनिळं झालं आणि डंपरमधून गिट्टी ओतावी तसा आवाज सुरू झाला. दहा मिनिटं चालला. आमच्या अंगावर मोजून चार थेंब.

“आपल्याकडे आलंच नाही,” बाबा म्हणाले.

मला राहवेना. नाला ओलांडून गेले. पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, धूळ होती, पाचसहा पावलं ओली माती, आणि लगेच बोराएवढ्या पांढऱ्या गारा. मी त्या सहा पावलांत तीनदा येरझारा घातल्या. मग मान वर केली, तर शेजारच्या काकू त्यांच्या आडव्या झालेल्या गव्हात उभ्या. माझा मलाच राग आला.

“काय शोधून राह्यली वं?”

“गारा कुठवर पडल्या, ते पाहते काकू,” मी चाचरत म्हणाले.

काकू रागावतील असं वाटलं होतं. त्या जवळ आल्या, वाकल्या, कोरडी धूळ चिमटीत धरली.

“अजी हाव! इथं तं काहीच नाही!”

मग आम्ही दोघी त्या कडेकडेने चालत गेलो. कड सरळ नव्हती. एका बाभळीपाशी तर झाडाची एकच बाजू झोडपली होती. काकूंनी तिथली एक ओंबी तोडून चोळली. दाणे भरलेले होते.

“सोंगला तं हाती येईन,” त्या म्हणाल्या.

लोळलेला गहू हार्वेस्टर उचलत नाही. रविवारी बाबा, काकू आणि मी विळे घेऊन बसलो. दिवसभर आभाळ गडगडलं, पाऊस काही आला नाही. संध्याकाळपर्यंत अर्धं शेत निघालं. दाणा थोडा काळवंडला, पण घरी खायला चांगला होता.