दिवाकरने नाकारलेला समुद्र

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पेशंटची दाढ काढत होतो. कंपाउंडरने फोन माझ्या कानाला लावला, पलीकडून शोभावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, ते उठूनच नाही राह्यले..." मी दाढ काढली, कापूस ठेवला, "अर्धा तास थुंकू नका" असं सांगितलं आणि मग खाली बसलो. हृदय बंद पडलं होतं. त्याला पाच-सहा आठवडे होऊन गेले. लोक मला दिवाकरविषयी चांगलं लिहायला सांगतात. लिहितो. पण आधीच सांगून टाकतो, मला त्याचा राग येतो. जायची ही वेळ नव्हती.

कळंबच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी दातांचा डॉक्टर झालो, तो जीवशास्त्राचा मास्तर, आणि दोघंही पांढरकवड्यात येऊन टेकलो. आमच्या भागात तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे तोवर माझा दवाखाना ओस पडणार नाही, पण याचा धंदा न्यारा. समुद्रापासून इतक्या लांब राहून याला वेड समुद्री गोगलगायींचं! गोव्याला, कोकणात कोणीही निघालं की हा दारात हजर. "येताना शंख आनजो. विकतचे नको, वाळूतले पाह्यजे." लोक लग्नाची मिठाई विसरायचे, पण दिवाकरचे शंख आणायचे. वहिनींच्या फडताळात डाळींच्या डब्यांपेक्षा शंखांचे डबे जास्त. तो डोळे मिटून शंख हातात घ्यायचा. अंगठ्याने वेटोळे मोजायचा, दोन वेटोळ्यांमधली शिवण खोल आहे की उथळ ते चाचपायचा, उभे कंगोरे आहेत का बघायचा, आणि शेवटी बोट शंखाच्या तोंडाच्या कडेवर न्यायचा. "रंगावर जाऊ नको, रंग उडते. सारं तोंडात असते," असं तो दंतवैद्यालाच सांगायचा.

झरी जामणीकडच्या एका कोलाम पोडाजवळ, म्हणजे कोलामांच्या वस्तीजवळ, एक टेकडी आहे. तिथल्या चिवट करड्या दगडात त्याला एक लांबट, पीळदार शंख सापडला. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, दगड झालेला. आकार थेट त्याच्या डब्यातल्या काही समुद्री शंखांसारखा. फक्त तोंड दगडात रुतलेलं. ते मोकळं झाल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी आनंदाच्या भरात तो पोडावर बोलून गेला की इथं कधीकाळी समुद्र असेल, आणि तशी खूण निघाली तर ही टेकडी राखून ठेवावी लागेल. हे वाक्य भीमाबाईने पदराला गाठ मारून ठेवलं. भीमाबाई त्या पोडावरची, बोलायला खमकी. टेकडीवर गिट्टीची खाण यायची होती. शेजारच्या खाणीच्या सुरुंगांनीच पोडावरच्या भिंतींना भेगा गेल्या होत्या, विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं. नव्या खाणीसाठी जनसुनावणी लागली तशी ती दिवाकरच्या घरी आली. "मास्तर, तुमी फक्त सांगा, हा समुद्राचा हाये. बाकी आमी पाहून घेतो."

दिवाकर दगड घेऊन माझ्याकडे आला. दुपारची वेळ, दवाखाना रिकामा. "तुह्या मशीननं याचं तोंड मोकळं करून दे." मी म्हटलं, "हे दात कोरायचं आहे रे, खडी फोडायचं नाही." पण बसलो. दगड आणि कवच यांच्यामध्ये केसाएवढी फट. हात जरा घसरला असता तर कड गेली असती, आणि कड गेली की सगळंच गेलं असतं. मी आयुष्यात हजारो दात कोरले, पण तेव्हा हाताला सुटला तसा घाम कधी सुटला नव्हता. मध्येच वीज गेली. वीज येईपर्यंत दिवाकरने दगड मांडीवर धरून ठेवला. मग पुन्हा बारीक सुईने कण कण उकरत राहिलो. दिवाकर दिवा धरून उभा, त्याचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येत होता.

तोंड मोकळं झालं. खालच्या टोकाला खाच होती! दिवाकरने मला हे कितीदा सांगितलं होतं... या ठेवणीच्या समुद्री गोगलगायी पाणी आत ओढायला एक नळी बाहेर काढतात, तिच्यासाठी तोंडाच्या कडेला खाच असते. गोड्या पाण्यातल्या अशा लांबट गोगलगायींची कड अखंड, गुळगुळीत. मी ओरडलोच, "समुद्र! दिव्या, समुद्र निघाला!" आणि भीमाबाईला कळवायला फोन हातात घेतला.

"थांब," तो म्हणाला.

त्याने माझं भिंग डोळ्याला लावलं. दगड उजेडात फिरवून फिरवून पाहिला. शेवटी भिंग माझ्या हातात दिलं. "रेघा पाह्य." कवचावर केसासारख्या बारीक रेघा होत्या. गोगलगाय वाढते तशी कडेला कड जोडत जाते, आणि प्रत्येक जुन्या कडेची एक रेघ मागे राहते. जन्मापासून खाच असती तर प्रत्येक रेघ तिथे येऊन वळली असती. या रेघा सरळ येत होत्या आणि खाचेपाशी मध्येच तुटत होत्या. फुटलेल्या बांगडीवरची नक्षी तुटते तशा. म्हणजे ती खाच नव्हतीच. मेलेल्या गोगलगायीचं कवच गाळात पडलं असताना कधीतरी तिथून टवका उडाला होता.

"गोड्या पाण्याची हाये," दिवाकर म्हणाला. "इथं तळं होतं. समुद्र नव्हता."

मी त्याच्यावर चिडलो. आजही त्याचं वाईट वाटत नाही. "तिथं कोण भिंग लावून बघणार आहे? त्या सुनावणीतल्या साहेबांना दात आणि दाढ यातला फरक कळायचा नाही. खाच दिसते ना? बस्स!"

"मी पाह्यलं न."

"आणि त्यांच्या भिंती?"

"त्या मीबी पाह्यल्या." तो दगड रुमालात गुंडाळू लागला. "भिंतीवर बोलीन, पान्यावर बोलीन. लागन तेवढं भांडीन. पन हे नाही बोलनार. रविवारी पोडावर जाऊन भीमाबाईले सांगतो."

रविवार यायच्या आधीच तो गेला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी वहिनींनी दगड माझ्याकडे दिला. "तुम्हीच जा आता." मी जायचं टाळू शकलो असतो, पण वहिनींसमोर नाही म्हणवेना. तालुक्याच्या ठिकाणी मांडव, पंखे, पोलीस. खाणवाल्यांची माणसं पुढच्या खुर्च्यांवर, पोडावरची मागे सतरंजीवर. भिंतींच्या भेगांवर बोलणं झालं, विहिरीवर झालं. साहेब मान डोलवत होते, सगळं लिहून घेत होते. मग भीमाबाई उठली. "मास्तर वारले, पन त्यायनं सांगतलं होतं. आमच्या टेकडीत समुद्राचा शंख हाये. या डाक्टरपाशी हाये तो. इचारा त्यायले."

सगळे वळले. मी पुढे गेलो, दगड टेबलावर ठेवला. साहेबांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि खाचेवर बोट ठेवलं. "हा समुद्रातला आहे का?" मांडवात ते सांगू शकणारा मी एकटा होतो. एक 'हो' म्हटलं असतं तर निदान पुढची तपासणी होईपर्यंत खाण अडली असती. मला भीमाबाईचा चेहरा दिसत होता. दिवाकर असता तर हे माझ्यावर आलंच नसतं, एवढाच विचार डोक्यात... माझ्या तोंडून निघालं, "नाही. गोड्या पाण्यातला आहे. ही खाच तुटल्याची आहे." कसं निघालं, मला अजून कळलेलं नाही. पुढच्या खुर्च्यांवर कोणीतरी हसलं.

निकाल अजून लागलेला नाही. वहिनींनी दगड परत घेतला नाही. तो माझ्या दवाखान्यात, अवजारांच्या ट्रेशेजारी असतो. खुर्चीत तोंड उघडून पडलेली माणसं "हे काय जी?" म्हणून विचारतात, मी जमेल तेवढं सांगतो. सांगताना दर वेळी मांडवाबाहेरचं ते कडुलिंबाचं झाड आठवतं. भीमाबाई तिथे माझी वाट बघत उभी होती. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "मास्तरले हे माहीत होतं?"

"हो. त्यानंच ओळखलं. तुम्हाला सांगायला येणार होता."

तिने मान हलवली. "ते असते त हेच बोलले असते. मले मालूम हाये त्यायचा सोभाव. त्यायच्याकडून खोट्याची मी आसच नसती केली." मग तिने डोळे पुसले. "पन आज ते नव्हते न, डाक्टर. आज तुमी होते."